नवी म्हैस पान्हा का चोरते?



बाजारातून पारखून आणलेली दुभती म्हैस मेहरूणला दावणीला बांधली, की पहिले काही दिवस दूध चोरते. घेणारा म्हणतो, "फसलो!" अन् घाटा सोसून तिला विकून टाकतो. पण बहुतेक वेळा म्हैस खोडीची नसते, भ्यालेली असते.

जनावराच्या मूत्रपिंडाजवळ एक लहान ग्रंथी असते. भीती वाटताच ती ॲड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात सोडते. अशा रसाला संप्रेरक म्हणतात. पान्हा आणणारे संप्रेरक वेगळे, ऑक्सिटोसिन. ते मेंदूतून येते. ॲड्रेनॅलिन त्याची वाट अडवते. म्हणून कास भरलेली, पण सडात दूध उतरत नाही. त्रास लांबला तर कॉर्टिसॉल हे तिसरे संप्रेरकही वाढते.

आता महत्त्वाची गोष्ट. तोच प्रसंग रोज आला आणि त्यात इजा झाली नाही, तर शरीर हे रस हळूहळू कमी सोडते. पहिल्या दिवशी बादलीच्या आवाजाने दचकणारी म्हैस पुढे त्याच आवाजाने पान्हवते. मारझोड मात्र अंगवळणी पडत नाही. काठी नुसती दिसली तरी पान्हा आटतो.

उन्हाचेही तसेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दोन-तीन आठवड्यांत जनावर उन्हाला थोडे सरावते, पण चारा कमी खाऊन अन् दूध कमी देऊन. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की वारंवार त्रासात शरीर आधी हादरते, मग सावरते, अन् त्रास थांबलाच नाही तर खचते. खचलेले जनावर रोगाला लवकर बळी पडते, वेळेवर माजावर येत नाही.

तेव्हा एवढे करा :

१. धारेची वेळ, जागा व माणूस रोज तोच ठेवा.

२. कास कोमट पाण्याने धुवा, पारडू जवळ आणा, पुढ्यात आंबोण ठेवा. पान्हा आला की सात-आठ मिनिटांत धार पुरी करा.

३. पहिलारू वगारीला विण्याआधीच पाठीवर, कासेवर हात फिरवून घेण्याची सवय लावा.

४. म्हशीला घाम कमी येतो. दुपारी सावलीत बांधा, दोन-तीनदा अंगावर पाणी टाका.

५. पान्ह्यासाठी आपल्या मनाने इंजेक्शन टोचू नका. रोज टोचले की म्हैस सुईशिवाय पान्हवेनाशी होते. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक सुई टोचणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

कास सुजली, कडक झाली किंवा दुधात गाठी आल्या, तर ती भीती नव्हे, दगडीचा आजार असू शकतो. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तसे काही नसेल, तर म्हैस विकण्याची घाई करू नका. तिला पंधरा दिवस द्या.