वसाहत एक, नियम वेगळे : व्हर्जिनिया ते लायलपूर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘इंग्रज तेच, मग अमेरिकेतल्या त्यांच्या वसाहती इतक्या वेगळ्या का झाल्या?’

थोडक्यात सांगतो. 1607 साली व्हर्जिनियात वस्ती झाली. तिथे तंबाखू पिकली. माणूस आणणाऱ्याला माणशी 50 एकर जमीन मिळे. त्यातून मोठे मळेवाले आणि राबणारे मजूर तयार झाले. 1630 नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र कुटुंबंच्या कुटुंबं आली, गाव-चर्च करून एकत्र राहिली. कोण आलं, कुठल्या मातीत आलं आणि कुठल्या अटीवर आलं, यावर समाजाची घडण ठरली.

याचा पुरावा बघायला अटलांटिक ओलांडायची गरज नाही. निवृत्तीनंतर मी चंडीगडला राहतो. इथले वयस्कर शेजारी ओळख होताच विचारतात, ‘पिच्छों कित्थों?’ म्हणजे मूळचे कुठले? त्यांच्यापैकी कित्येकांचं उत्तर असतं, लायलपूर किंवा सरगोधा. ही दोन्ही इंग्रजांनी वसवलेल्या कालवा-वसाहतींची गावं.

पश्चिम पंजाबातल्या कोरड्या माळाला ‘बार’ म्हणत. इंग्रजांनी तिथे कालवे काढले. 1892 पासून चिनाब वसाहत वसू लागली. जालंधर, होशियारपूर, अमृतसर अशा दाटीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणले. जमिनीचे सुमारे 28 एकरांचे चौकोन आखले, गावांना नावांऐवजी ‘चक’ क्रमांक दिले. साधा शेतकरी ‘आबादकार’. त्याच्यावर ‘सफेदपोश’, त्याहून वर ‘रईस’. ज्याची पत मोठी, त्याला जमीन जास्त. बारमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्यांची कुरणं मात्र गेली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही.

पुढे 1902 च्या सुमारास झेलम वसाहत सुरू झाली. आता अट बदलली. जमीन हवी, तर फौजेसाठी घोडी पाळा, शिंगरं द्या. जमिनीचे तुकडे झाले तर घोडी कोण पोसणार? म्हणून वारस एकटा थोरला मुलगा. पंजाबी शेतकऱ्याच्या घरी सगळे मुलगे समान वाटेकरी, तिथे ही अट! फौजी म्हणून मला घोड्यांची गरज कळते. पण धाकट्या मुलाला बेदखल करून मिळवलेला घोडा फौजेला महाग पडतो.

1906 च्या विधेयकाने चिनाबवरही वारसाहक्काची बंधनं आणायचं ठरवलं. त्यात बारी दोआबच्या कालव्याची पाणीपट्टी वाढली. 1907 मध्ये लायलपुरात ‘पगडी संभाल जट्टा’ आंदोलन पेटलं. अजितसिंग आणि लाला लजपतराय यांना मंडालेला धाडलं. पण याच जिल्ह्यांतून फौजेची भरती होत होती. अखेर व्हाइसरॉय मिंटोंनी विधेयकाला मंजुरी नाकारली. त्याच वर्षी चक 105 जीबी या गावी अजितसिंगांचा पुतण्या जन्मला, भगतसिंग. त्यांचं कुटुंब मूळ दोआबातलं, खटकड कलांचं.

1947 ला हे सगळे उलट फिरले. मागे सुमारे 67 लाख एकर सोडलेली, इकडे वाटायला 47 लाखच. तरलोकसिंग यांनी ‘प्रमाण एकर’ ठरवून, जास्त जमीनवाल्याला जास्त कपात लावून वाटप केलं. बऱ्याच वसाहतवाल्यांना त्यांच्या आजोबांच्याच जिल्ह्यात जमीन मिळाली. सफेदपोश-रईसांची उतरंड मात्र पूर्वीसारखी उभी राहिली नाही.

धरणग्रस्तांचं पुनर्वसन असो वा नवं शहर, नकाशा कुणीही आखतो. तिथला समाज कसा होणार, हे जमिनीच्या कागदावरची अट ठरवते. आपल्या भागात असं कुठे घडलंय? जरूर कळवा. जय हिंद!