नवी जाती ठरते ती वगळून वगळून

बीड जिल्ह्यात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी नक्षी निघाली, तर हे जीवाश्मच, असं कुणालाही वाटेल. बऱ्याचदा ती मँगनीजच्या खनिजाची करामत असते. बीडमधल्या बालाघाट डोंगरांचा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थिजलेल्या लाव्हाचा. त्यात ट्रायलोबाइट तर मिळणारच नाहीत: पाठीचे तीन उभे भाग असलेले हे सागरी संधिपाद प्राणी त्याआधीच, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, नामशेष झाले होते. त्यांच्यासाठी जावं लागतं हिमालयात, स्पितीकडे. मात्र आकारावर भाळण्याचा धोका तिथेही टळत नाही. म्हणूनच नवी जाती सापडण्यापेक्षा ती सिद्ध करणं अवघड, असं माझं मत आहे.

हेन्री हेडन यांनी स्पितीतून गोळा केलेल्या कँब्रियन काळातल्या जीवाश्मांचं वर्णन काउपर रीड यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे 1997 मध्ये पीटर जेल आणि नायजेल ह्यूज यांनी हिमालयातल्या या ट्रायलोबाइटांचा नव्याने आढावा घेतला. त्याची गरज होती, कारण हिमालय घडताना हे खडक चेपले आणि ताणले गेले. ताणाच्या दिशेने पडलेलं कवच लांबट दिसतं, आडवं पडलेलं रुंद आणि बुटकं. एकाच फरशीवरचे हे दोन नमुने सुटे हाती आले, तर दोन जाती ठरायला वेळ लागत नाही. त्यात हा प्राणी वाढताना कात टाकायचा. गालाचा तुकडा एकीकडे, शेपटीचं कवच दुसरीकडे. पिल्लांच्या धडाला वलयंही कमी. त्यामुळे ताण, वय, कात ही कारणं एकेक करून बाद केल्यावर जो फरक उरतो, तोच नव्या नावाला आधार. अशा कामाला एका देखण्या, अखंड नमुन्यापेक्षा मोडक्या डोक्यांनी भरलेला ट्रे जास्त उपयोगी.

मग नावं ही अभ्यासकाची मर्जीच, असा आक्षेप येईल. तसं नाही. नाव देताना एक प्रमाण-नमुना ठरवून संग्रहालयात ठेवावा लागतो. शंभर वर्षांनीही कुणी तो मोजून नाव रद्द करू शकतो. एवढ्या काटेकोरपणाने साधतं काय? कँब्रियन खडकांचे थर कोणत्या काळातले, हे बऱ्याच अंशी ट्रायलोबाइटांच्या जातींवरून ठरतं. एकाच जातीची चुकून दोन नावं झाली, तर एकाच काळातले दोन थर वेगवेगळ्या काळांत टाकले जातात.