मूल सांभाळण्याचे काम

घरात लहान मूल असले की त्याच्यापाशी कुणीतरी लागते. आई शेतावर गेली, तर आजी बघते. आजी नसली, तर थोरली बहीण बघते. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. म्हणून हे एक काम आहे, असे कुणाला वाटतच नाही. "त्यात काय? पोर तर सांभाळायचं!" असे लोक म्हणतात.

पण आता दिवस बदलले आहेत. बाजाराच्या गावी, तालुक्याच्या गावी नोकरी करणारी जोडपी राहतात. नवरा शाळेत शिक्षक, बायको दवाखान्यात नर्स. कुणी बँकेत, कुणी तहसील कचेरीत. सकाळी दोघेही कामावर जातात. आजी-आजोबा दूर गावी असतात. मग बाळ कुणापाशी ठेवायचे? अशा घरांना मूल सांभाळणारी बाई हवी असते. कुणी तिला आया म्हणतात. मुले तिला मावशी म्हणतात.

बायांनो, हे मानाचे काम आहे. एका आईने आपला जीव तुमच्या ओटीत टाकलेला असतो. म्हणून ते नीट शिकून करावे, आणि त्याचे दामही नीट ठरवून घ्यावेत. या दोन्ही गोष्टी कशा करायच्या ते आता पाहू.

काम कसे शोधावे?

कोणत्या घरी तान्हे मूल आहे, हे गावात काही माणसांना ठाऊक असते. अंगणवाडी सेविका, आशाताई, दवाखान्यातील नर्सबाई, शाळेतले गुरुजी. त्यांना सांगून ठेवा. बचत गटात सांगा. किराणा दुकानदारालाही सांगा. ओळखीतून मिळालेले काम चांगले. तुम्हाला घराची माहिती मिळते आणि घराला तुमची.

"आधी पैसे भर, मग काम देतो," असे कुणी म्हणाले तर त्याच्या नादी लागू नका. काम मिळण्याआधी गाठीचा पैसा सोडू नये.

पहिल्यांदा भेटायला जाताना घरचे कुणीतरी बरोबर न्या. बाळाच्या आईशी आणि वडिलांशी, दोघांशी बोला. दिवसभर घरात आणखी कोण असते, ते विचारा. ते तुमच्या आधार कार्डाची प्रत मागतील. झेरॉक्स द्यावी. मूळ कार्ड आपल्यापाशीच ठेवावे.

हे काम लहान पोरींना मात्र लावू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी आणि गरीब मुलांसाठी काम सुरू केले. पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. कडेवर धाकटे भावंड असले की मोठ्या मुलीची शाळा सुटते, हे त्यांनी पाहिले. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटे पाळणाघरात, थोरली वर्गात. आपल्या भावंडासाठीही मुलीची शाळा सुटू नये, म्हणून त्या झटल्या. मग परक्याच्या बाळासाठी ती का सोडवावी? १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ सालापासून कायद्याने बंदी आहे. असे मूल कुठे दिसले तर १०९८ या नंबरावर फोन करावा.

आधी ठरवा, मग बाळाला हात लावा

बाळ गोड असते. त्याला घेतले की बोलणे राहून जाते. मग महिनाअखेरीस कुरबुर होते. म्हणून चार गोष्टी आधीच विचाराव्यात.

पहिली, वेळ. किती वाजता यायचे, किती वाजता जायचे?

दुसरी, काम. फक्त बाळ बघायचे, की भांडी, धुणे, स्वयंपाकही करायचा? धुण्याभांड्यांचे पैसे वेगळे धरायला सांगावे. शिवाय चुलीपाशी काम आणि कडेवर बाळ, हे बरे नव्हे.

तिसरी, पगार. किती, आणि कोणत्या तारखेला?

चौथी, सुट्टी. आठवड्याची सुट्टी कोणती? घरचे लोक गावी गेले तर त्या दिवसांचा पगार मिळेल का?

संकोच वाटतो? मग असे बोला : "ताई, बाळाला मी जिवापाड जपीन. पण आपलं बोलणं आधी झालेलं बरं. म्हणजे पुढं तुम्हालाही त्रास नको, मलाही नको." यात वाईट काहीच नाही. नोकरीवाल्या ताईलाही तिच्या कचेरीत हे सारे लिहून मिळालेले असते.

तासांचा हिशेब

आता एक हिशेब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, महिन्याचा पगार ६,२४० रुपये ठरला. काम रोज ८ तास, महिन्याचे २६ दिवस. ६,२४० ला २६ ने भागा. एका दिवसाचे २४० रुपये झाले. २४० ला ८ ने भागा. एका तासाचे ३० रुपये झाले.

ताई सहाला येणार होत्या, पण रोज सातला येऊ लागल्या. "एका तासानं काय होतंय?" असे तुम्ही म्हणाल. पण २६ दिवसांचे २६ तास झाले. २६ गुणिले ३० म्हणजे ७८० रुपये. एवढे काम महिन्याला फुकट गेले. शिवाय तो तास तुमच्या स्वतःच्या लेकरांचा होता. ती उंबऱ्यावर वाट पाहत असतात.

म्हणून एक लहान वही करा. पहिल्या पानावर ठरलेल्या चारही गोष्टी लिहा आणि ताईंना वाचून दाखवा. जमल्यास दोघींनी खाली सही करावी. मग रोज तारीख, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ लिहावी. उचल घेतली तर तीही लिहावी. तोंडी बोललेले विसरते, लिहिलेले राहते. कालपर्यंत आपण अंगठा उठवत होतो. आता अक्षर आले आहे, ते कामाला लावा.

बाळाला कसे जपावे?

मुले वाढवली म्हणून सारे येते, असे समजू नये. काही जुन्या रीती आता सोडायला हव्यात.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध. ती कामावर जाताना दूध काढून ठेवते. ते वाटी-चमच्याने पाजावे. घुटी नको, वरचे पाणी नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्याने विषबाधा होऊ शकते. रडते म्हणून अफूची गोळी तर कधीच देऊ नये. त्याने श्वास बंद पडून बाळ दगावते.

बाळाला उताणे निजवावे. तोंडाशी उशी, गोधडी ठेवू नये.

पाण्याने भरलेली बादली झाकून ठेवावी, नाहीतर रिकामी करावी. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. घशात अडकतात. भाजले तर भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट लावू नये.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवून थोडे थोडे पाजावे आणि आईला फोन करावा. औषध मनाने देऊ नये. आईने दिलेल्या बाटलीवरचे नाव वाचा, किती चमचे ते वाचा, मगच द्या. दिल्याची वेळ वहीत लिहा. पोर पडले, ताप आला, तर लपवू नका. लगेच सांगा. खरे सांगणाऱ्या बाईवर विश्वास बसतो. आईवडिलांचे नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

आणि आपले मूल?

दुसऱ्याचे बाळ सांभाळताना आपले कुणापाशी ठेवायचे? हा मोठाच प्रश्न आहे. तीन वर्षांवरचे मूल अंगणवाडीत जाते, पण अंगणवाडी लवकर सुटते. पुढे कोण बघणार ते घरी आधी ठरवा. तान्हे असेल तर ताईंना सरळ विचारा, "माझं लेकरू संगं आणलं तर चालेल का?" काही घरी चालते, काही घरी नाही. नवऱ्यानेही आपल्या वाटचे काम उचलावे. घरात येणारा पैसा दोघांचा, तसे मूलही दोघांचे.

तुमच्यामागे कायदा आहे

१९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बाया एकजुटीने संपावर गेल्या. पगारवाढ आणि सुट्टी मागितली. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वर्षांच्या कामकरी माणसाला या मंडळाकडे नाव नोंदवता येते. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करावी. कागद कोणते लागतात, ते तेथेच लिहून घ्यावे. केंद्र सरकारचे ई-श्रम कार्डही २०२१ सालापासून मिळते. त्याची नोंदणी मोफत आहे.

कामाच्या घरी कुणी अंगचटीला आले, घाणेरडे बोलले, तर गप्प बसू नका. दोष तुमचा नाही. २०१३ सालच्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बायाही येतात. जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे. तातडी असेल तर ११२ लावावा.

बाळ मोठे होते, शाळेत जाऊ लागते. मग ते काम संपते. तेव्हा ताईंकडून एक चिठ्ठी मागून घ्या : या बाईंनी अमुक महिने आमचे मूल चांगले सांभाळले. ती चिठ्ठी जपून ठेवा. पुढच्या घरी ती तुमच्यासाठी बोलेल.

आता सांगा पाहू

१. काम धरण्याआधी कोणत्या चार गोष्टी ठरवाव्यात?
२. पगार ५,२०० रुपये, दिवस २६. एका दिवसाचे किती झाले?
३. भरलेली बादली झाकून का ठेवावी?
४. तुमच्या वहीचे पहिले पान आजच लिहून काढा.