चीत झाल्यावर सुरू होणारी कुस्ती

लाल मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये मात्र खरी लढत अनेकदा तिथूनच सुरू होते. पाठीवर पडलेला खेळाडू वरच्याला पायांच्या कैचीत अडकवतो आणि खालूनच त्याचा हात पिळतो किंवा गळा आवळतो. ठोसा नाही, लाथ नाही. सगळा खेळ पकडीचा.

जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. त्यांचे धाकटे भाऊ एलिओ अंगकाठीने किरकोळ होते. ताकदीची उणीव भरून काढतील असे डाव त्यांनी घोटले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जिउ-जित्सूचा प्रथमच समावेश झाला. आता अंधेरीसारख्या उपनगरातही संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर लोकलची गर्दी झेलत हौशी मंडळी मॅटवर पोहोचतात.

पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा असे पाच पट्टे असतात. काळ्यापर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षे लागतात. पहिले काही महिने तर केवळ खाली दबून श्वास कसा घ्यायचा, हेच शिकण्यात जातात. तिशी ओलांडलेल्या नोकरदाराला विशीतला पोरगा रोज हरवतो. अशा वेळी सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे ‘टॅप’. पकड बसली की हाताने दोनदा थोपटायचे. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. हाडे आणि सांधे या एका खुणेवर सुरक्षित राहतात.

ती खूण नाकारण्याची किंमत मोठी असते. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा यांनी एलिओंचा हात पिळला. एलिओंनी टॅप केले नाही. शेवटी त्यांच्या बाजूनेच लढत थांबवली. त्या पकडीला आज ‘किमुरा’ म्हणतात. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत गामा पैलवानांचे पुतणे अक्रम पैलवान जवळपास तशाच पकडीत अंतोनियो इनोकींसमोर अडकले. त्यांनीही हार मानली नाही आणि हाताला गंभीर दुखापत करून घेतली. घराण्याची आन सांभाळणाऱ्या पैलवानाचे दुःख समजू शकते. पण सकाळी नऊला कामावर हजर व्हायचे असलेल्या हौशी खेळाडूला तो मार्ग परवडणारा नाही.

रमजानमध्ये स्पर्धेची तयारी करणाऱ्या रोजेदाराला हाच हिशेब अधिक काटेकोरपणे मांडावा लागतो. इफ्तारपूर्वी डावांची हलकी उजळणी पुरे. जोरकस झटापट खजूर, पाणी आणि हलके खाणे पोटात गेल्यावर तासाभराने किंवा तरावीहनंतर. भजी-समोशांचे ताट मात्र घरच्यांवर सोडावे लागते. सहरीसाठी उठायचे असल्याने झोप तुटते. म्हणून आठवड्यातले दिवस कमी करण्यात शहाणपण. चक्कर आली तर थांबायचे. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत धर्मानेच दिली आहे.

वजनाची गोष्टही तशीच. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार गी, म्हणजे स्पर्धेचा पोशाख, घालूनच वजन होते आणि तेही पहिल्या लढतीच्या अगदी आधी. काटा पुढे गेला की खेळाडू बाद. त्यामुळे पाणी तोडून किलो-दोन किलो उतरवले, तर ते भरून काढायला वेळच मिळत नाही. रोजाचा उपयोग वजन घटवण्यासाठी करू पाहणारा इबादतही बिघडवतो आणि खेळही. आपल्या रोजच्या वजनाला जवळचा गट निवडणे बरे.

पांढऱ्या पट्ट्याची लढत पाच मिनिटांची असते. पाडल्याचे दोन गुण, पायांची कैची ओलांडल्याचे तीन, छातीवर स्वार झाल्याचे चार. पहिल्याच स्पर्धेत बहुतेकांचा दम दुसऱ्या मिनिटाला संपतो. काही जण जिंकतात, काही टॅप करतात. टॅप केलेला सोमवारी पुन्हा सरावाला येतो, कारण त्याचा हात शाबूत असतो.