गोंदणासकट

मैत्रिणींनो, एक काम करा. घरातला जुना अल्बम काढा आणि त्यात तुमच्या आईचे नाहीतर सासूबाईंचे फोटो किती आहेत ते मोजा. लग्नातला एक, कुणाच्या तरी बारशातला एक, देवळासमोर ओळीत उभं राहून काढलेला एक. सगळीकडे डोक्यावरून पदर आणि ताठ मान. भाकरी थापताना, लावणी करताना, धार काढताना मात्र एकही नाही. ज्या कामात त्यांचा जन्म गेला, ते कॅमेऱ्याला दिसलंच नाही. दिसणार तरी कसं? रोल छत्तीस फोटोंचा, धुऊन आणायचा खर्च वेगळा, आणि कॅमेरा घरातल्या पुरुषाच्या नाहीतर स्टुडिओवाल्याच्या हातात. भाकरीवर फोटो कोण वाया घालवणार!

डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो अवघ्या दहा हजार ठिपक्यांचा, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज आपल्या हातातल्या साध्या मोबाइलच्या फोटोतही १ कोटी २० लाख ठिपके सहज असतात. फोटो आता जवळजवळ फुकट झाला. पण फुकट झाला म्हणून चांगला येतो असं नाही, तो शिकावाच लागतो.

मी टाकवे बुद्रुकला राहते. कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव, आणि पुढे आंदर मावळ. बचत गटांचं काम करते. गटाच्या अहवालात हिशेब, ठराव सगळं चोख असतं, पण फोटो मात्र व्यासपीठाचे. पाहुणे, शाल, श्रीफळ! ज्यांचा गट, त्या बायका मागच्या रांगेत, अर्ध्या कापलेल्या. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीत फोटोग्राफी शिकायचं मनावर घेतलं. भाच्याने त्याचा जुना डिजिटल कॅमेरा दिला आणि चार रविवार शिकवायला आला. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "मावशी, आधी उजेड बघ, मग माणूस."

मी कला शाखेची. ॲपर्चर, शटर, आयएसओ हे शब्द ऐकूनच धडकी भरली. पण बाईला समजेल अशा भाषेत आणलं की काहीच अवघड नाही बरं का! फोटो म्हणजे दूध तापवणं. आच मोठी ठेवली तर वेळ कमी, आच बारीक तर वेळ जास्त. ॲपर्चर म्हणजे भिंगातलं भोक, ती आपली आच. शटर किती वेळ उघडं, तो वेळ. ॲपर्चरचे आकडे मात्र उलटे, हातशिलाईच्या सुईसारखे. नंबर वाढला की सुई बारीक, तसं २.८ म्हणजे मोठं भोक आणि १६ म्हणजे बारीक. आयएसओ म्हणजे रेडिओचं बटण. लांबचं स्टेशन लावलं की आवाज वाढवतो, पण खरखरही वाढते. अंधारात आयएसओ फार वाढवला की फोटोत जी कणी दिसते, ती ही खरखर.

आमच्याकडे जुलैमध्ये इंद्रायणी भाताची लावणी चालते. रोप टोचणारे हात इतके चटचट चालतात की ते स्पष्ट टिपायचे तर शटर सेकंदाचा पाचशेवा भाग एवढंच उघडावं लागतं. त्यात धुकं! कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं वाटतं. त्यामुळे पांढरंशुभ्र धुकंही तो मळकट करून टाकतो. तेव्हा अधिक-उणेचं जे बटण असतं ते अधिक एकवर न्यायचं, की धुकं पुन्हा पांढरं. आणि पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. डबे भरून ठेवणं तर आपल्या हातचंच काम!

हे शिकताना सारखी आठवण येत होती होमाई व्यारावाला यांची. १९१३ साली नवसारीला जन्मलेली, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली ही पारशी बाई भारतातली पहिली महिला छायाचित्र-पत्रकार. फोटो काढायला शिकल्या त्या माणेकशॉ यांच्याकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीचे फोटो छापून आले तेही माणेकशॉंच्याच नावाने, कारण त्यांचं स्वतःचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेरा लादून त्यांनी स्वातंत्र्याचे सोहळे टिपले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये त्या गेल्या. त्यांची सर आपल्याला कुठली! पण कॅमेरा बाईच्या हाती आला की काय होतं, ते त्यांच्याकडे बघून कळतं.

माझ्यापुरतं ते कळलं आमच्या गटातल्या एका सत्तरीच्या आजींमुळे. कपाळावर नि हनुवटीवर हिरवं गोंदण. नातवाने मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "ही कोन हाय? माजं गोंदण कुटं गेलं?" खरंच, फोटोत चेहरा गोरापान, सुरकुत्या गायब, गोंदण पुसट. मोबाइलमधलं 'ब्यूटी' चालू होतं. ते चेहऱ्यावरच्या रेषा नि डाग हुडकून गुळगुळीत करतं. गोंदण कुठलं आणि डाग कुठला, हे त्याला कोण सांगणार? लहानपणी रडत सोसलेलं गोंदण, उन्हातान्हातले पन्नास पावसाळे, सगळं एका बटणात पुसलं!

त्यांना पडवीत बसवलं. दारातून येणारा उजेड मऊ असतो, एका बाजूने पडला की चेहऱ्यावरची रेष न् रेष उठून दिसते. "कसा काढू?" विचारलं, तर सूप घेऊन बसल्या. "तांदूळ पाखडताना काढ. जल्मभर त्येच केलं की." तो फोटो आला गोंदणासकट. सहा बाय चारच्या कागदावर उत्तम छपाईला साधारण साडेएकवीस लाख ठिपके पुरतात, तेव्हा जुना कॅमेराही भरपूर झाला.

हे हौसेपुरतं नाही. गावात एखादी म्हातारी गेली की हार घालायला फोटो सापडत नाही. मग कुणाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापतात, सोबत शेजारणीचा खांदाही येतो. गर्दीतल्या एका चेहऱ्याच्या वाट्याला ठिपके येतात थोडे, ते मोठे केले की चेहरा धुरकट होतो. नाहीतर आधार कार्डावरचा फोटो. साठ वर्षं जिने घर उभं केलं, तिची आठवण अशी राहावी?

एक मात्र पाळायचं. विचारल्याशिवाय फोटो नाही. आमच्यातली एकजण म्हणाली, "माझा नको ताई." कारण विचारलं नाही, कॅमेरा खाली घेतला. ज्यांनी हो म्हटलं, त्यांचेही फोटो त्यांना दाखवल्याशिवाय व्हॉट्सॲपवर जात नाहीत. आपल्या बायकांना 'नको' म्हणायची संधी तशीही फार कमी मिळते.

तेव्हा मोबाइल असो की कॅमेरा, आधी ते 'ब्यूटी' बंद करा. आईला दाराच्या उजेडात बसवा आणि "कसा काढू?" एवढं विचारा. फोटो मोबाइलमध्ये पडून राहू देऊ नका, दोन प्रती छापून घ्या. एक अल्बमला, एक तिला. आणि मागे पेन्सिलीने तिचं नाव आणि साल लिहा. तिचं स्वतःचं नाव, नुसतं 'अमक्याची आई' नको.