जलपर्णीला जिंकवते कोण?

पुणे-सोलापूर रस्त्यावरील कुरकुंभहून दौंडकडे वळले, की आठ-दहा किलोमीटरवर भीमा नदी लागते. उन्हाळ्याच्या तोंडी या पट्ट्यात बंधाऱ्यामागचे पाणी कित्येकदा दिसतच नाही. दिसते ती जलपर्णी. कुरकुंभ म्हटले की रासायनिक कारखाने डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे 'रसायनांमुळे जलपर्णी वाढते' असे उत्तर वर्गात सहज मिळते. आपण पुढचा प्रश्न विचारायला हवा: कोणती रसायने? जलपर्णीला हवे असते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. ते येते सांडपाण्यातून आणि शेतातून. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि दोन्ही काठांवरच्या उसाला दिलेल्या खताचा काही भागही निचऱ्याबरोबर नदीत उतरतो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळट फुलांच्या मोहाने ती बंगालमध्ये आणली गेली, आणि १९३६ साली तिच्या बंदोबस्तासाठी तेथे कायदाच करावा लागला! अनुकूल हवामानात एक-दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होते. पण ही तिची अंगची ताकद एवढेच म्हणून थांबता येत नाही. ती जिंकते ती कोणाविरुद्ध आणि कोणत्या पाण्यात, हे पाहावे लागते.

तिची प्रतिस्पर्धी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे आपण दाखवतो, ती हायड्रिला. प्रकाशासाठीची स्पर्धा एकतर्फी आहे. जलपर्णी वर तरंगते, ऊन आधी तिला मिळते आणि खाली उरते सावली. पोषणाच्या बाबतीत मात्र हायड्रिला वरचढ असते. जलपर्णीची मुळे पाण्यात लोंबकळतात, त्यामुळे तिला जे मिळते ते पाण्यातूनच. हायड्रिला तळाच्या गाळातूनही घेते आणि पाण्यातूनही. पाण्यात नत्र-स्फुरद थोडेच असेल तर दाट वाढलेली हायड्रिला तेही शोषून घेते, वरची जलपर्णी खुरटते, आवरण विरळ राहते आणि ऊन खाली उतरते. पाण्यात खत भरपूर झाले की हा डाव उलटतो. मग सावलीखाली हायड्रिला मरते, पाण्यात प्राणवायू सोडणारे कोणी उरत नाही, आणि कुजणारा पाला होता तो प्राणवायूही संपवतो. मासे कमी होतात ते यामुळे.

नेदरलँड्समधील मार्टेन शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तरंगत्या आणि बुडालेल्या वनस्पतींची ही चढाओढ गणिताने व प्रयोगांनी मांडली. पोषण मध्यम असेल तर दोन्ही अवस्था टिकू शकतात; जी आधी जम बसवते ती दुसरीला शिरू देत नाही. अशा पाण्यातली तरंगती वनस्पती एकदा नीट काढली, तर तळची वनस्पती कायमची डोके वर काढू शकते. पोषण फार असेल तर मात्र कितीही वेळा काढा, ती परत येते. भीमेत पावसाळ्याचा पूर दरवर्षी जलपर्णी वाहून नेतो. म्हणजे निसर्ग फुकटात नदी साफ करून देतो, आणि तरीही फेब्रुवारीत ती हजर! इथले पाणी 'मध्यम' गटातले नाही, हे यावरून बरेचसे ओळखता येते. यंत्रे लावून ती काढण्यावर होणाऱ्या खर्चाचा विचार करताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

पोषणाखेरीज तापमान, प्रवाह आणि क्षारता यांचाही वाटा असतो. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसला जलपर्णी उत्तम वाढते. आपल्याकडच्या थंडीत ती मंदावते, मरत नाही. वाहत्या पाण्यात ती ठरत नाही, बंधाऱ्यात ठरते. खारट पाणी तिला सोसत नाही, म्हणून ती समुद्रात शिरत नाही.

समुद्रातही हाच खेळ चालतो, फक्त सावली धरणारा बदलतो. थंड समुद्रांत केल्प नावाच्या प्रचंड तपकिरी शैवालांची जंगले असतात (आपल्या कोकणाचे पाणी त्यांना फार उबदार). १९८०च्या दशकात जपानकडचे उंदारिया हे शैवाल टास्मानियाला पोहोचले. तेथे देशी शैवालांचे छत अखंड असेल तर त्याच्या सावलीत उंदारियाला जम बसवता येत नाही. छत तुटले की ते शिरते. तेथे सावली देशी शैवालाच्या बाजूने आहे, भीमेत ती पाहुणीच्या बाजूने.

शाळेत हे करून पाहता येईल. दोन बादल्यांत विहिरीचे पाणी घ्यावे, दोन्हींत तळाशी थोडा गाळ, सारखीच हायड्रिला आणि जलपर्णीची दोन-दोन रोपे. एकीत दर आठवड्याला चिमूटभर युरिया आणि शेणाचे थोडे पाणी घालावे. दर शनिवारी जलपर्णीची पाने मोजून आलेख काढावा आणि हायड्रिलाच्या शेंड्यांची लांबी मोजावी. दोन्ही बादल्यांना ऊन सारखे मिळाले पाहिजे. प्रयोग संपल्यावर जलपर्णी उन्हात पूर्ण वाळवून मगच खतखड्ड्यात टाकावी. विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात नव्हे. तिचे बी गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते.