ओल्या भिंतीचा सौदा

दासगावात घर बघायला आलेला माणूस आधी भिंतीकडे बघतो. विहीर, रस्ता, परसातली झाडं हे सगळं नंतर. ओटीवर चहा येईपर्यंत त्याची नजर जोत्यापासून खिडकीपर्यंत फिरून आलेली असते. कप हातात घेता घेता तो विचारतो, "एकवीसला पाणी कुठवर आलं होतं?" एकवीस म्हणजे २२ जुलै २०२१. त्या दिवशी महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती आणि तळिये गावावर दरड कोसळली.

खालच्या आळीतलं आमचं जुनं घर विकायचं ठरलं तेव्हा हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. उत्तर भिंतीवरच होतं. जमिनीपासून साडेचार फुटांवर एक मातकट रेघ, आणि तिच्याखाली फुगलेला, पापुद्रे सुटलेला गिलावा. घर विक्रीला तयार करायचं म्हणजे या रेघेचं काय करायचं ते ठरवायचं.

इथलं पाणी एका बाजूने येत नाही. सावित्री नदी महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपूर आणि महाड करून दासगावला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. समुद्राची भरती खाडीतून वर, महाडकडे चढते. म्हणून तर रस्ते पक्के नव्हते तेव्हा दासगाव हे बंदर होतं आणि मुंबईची माणसं बोटीने इथे उतरत. घाटमाथ्यावरचा लोंढा आणि भरती एका वेळी आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही. खाडीकाठच्या घराची भिंत हे सगळं पिऊन बसलेली असते.

कामासाठी जे कंत्राटदार येऊन गेले त्यांचा सल्ला बहुतेक एकच होता: घासून घ्या, पुट्टी भरा, वर दोन हात रंग, पंधरा दिवसांत घर नवं. त्यांच्या मनात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. विकणाऱ्याला घाई असते आणि त्यांनाही पुढच्या कामावर जायचं असतं. पण ओल्या भिंतीवरची पुट्टी किती टिकते ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. कोकणातल्या घराला रंग लागतो तो गणपतीच्या तोंडावर. मुंबईहून फोन येतो, रंगारी ठरतो आणि भर पावसाळ्यात, भिंतीने सगळ्यात जास्त पाणी ओढलेलं असतं नेमकं तेव्हा, तिच्यावर रंगाचा थर चढतो. महाडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दिवाळीला माणसं पुन्हा गावी येतात तेव्हा रंगाचे फुगे आलेले असतात. "कोकणातली हवाच तशी," असं म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा डबे आणले जातात. हवा दमट आहे हे खरं, पण पैसे वाया जातात ते चुकीच्या महिन्यामुळे.

शेवटी काम दिलं ते रंगाचं पुस्तक न उघडता भिंत ठोकून बघणाऱ्या मिस्त्रींना. थापीच्या मुठीने ते भिंत वाजवत गेले. जिथे भद्द आवाज आला तिथे खडूने फुली. फुल्या रेघेच्या वरही दीडेक फूट गेल्या. "हा सिमेंटचा गिलावा कधीचा?" त्यांनी विचारलं. दोन हजार पाचच्या पुरानंतरचा, म्हटलं. "मग वाळलीच नाही ती. तेव्हापासून."

मूळ भिंत काळ्या दगडाच्या जोत्यावर मातीत बसवलेल्या विटांची आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा. माती आणि चुना ओल घेतात तशी सोडतातही. पुरानंतर लोकांनी तो चुना काढून सिमेंट लावलं, कारण ते लवकर होतं, कडक होतं आणि पक्कं वाटतं. पण त्या कडक थरातून भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. जमिनीतून वर चढणारं पाणी आत कोंडतं आणि वाट सापडेल तिथून निघताना विटांतले, गाळातले, खाडीकाठच्या मातीतले क्षार बरोबर आणतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात, त्यांचे कण वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच लोणा म्हणतात. त्याच्यावर पुट्टी भरली तर ती त्याच्याबरोबरच गळते.

दिवाळीनंतर छिन्नी लागली. खडूच्या फुल्यांपर्यंतचा गिलावा दोन्ही अंगांनी उतरवला आणि विटांचे सांधे बोटाच्या पेराएवढे खरवडले. पुढचं काम बघण्यासारखं होतं. मिस्त्रींनी पाण्याचा पाइप लांब ठेवायला लावला आणि कोरड्या ब्रशने भिंत झाडली, कारण पाणी मारलं की लोणा विरघळून परत विटेत शिरतो. पांढरी भुकटी खाली पडायची, ती गोळा करून घराबाहेर टाकायची, आठवड्याने भिंत पुन्हा पांढरी झालेली असायची, पुन्हा ब्रश. दर वेळी भुकटी कमी होत गेली. जाड भिंत एका इंचाला एक महिना या वेगाने वाळते असा बांधकामातला ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने चौदा इंची भिंतीला वर्षही पुरत नाही. तेवढं थांबणं शक्य नव्हतं, पण थंडीतले कोरडे महिने आम्ही पूर्ण वापरले. अधूनमधून प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी आतून थेंब साचलेत का ते बघायचं. थेंब दिसेनासे झाले तेव्हाच चुना कालवायला घेतला.

या काळात घर उघडंबागडं दिसत होतं. नात्यातली माणसं येऊन हळहळली, असं घर कोण घेणार म्हणाली. माझं मत मात्र ठाम झालं होतं: पूर येणाऱ्या गावात विक्रीच्या घराची सगळ्यात चांगली तयारी म्हणजे उघडी भिंत. घेणाऱ्याला वीट दिसते, सांधा दिसतो, जोतं दिसतं. तो हात लावून बघू शकतो. कायदाही याच बाजूचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं ५५वं कलम सांगतं की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. उघड्या भिंतीवरची ओल कुणालाही दिसते. ती पुट्टीखाली झाकली की ती दिसणं बंद होतं आणि विकणाऱ्याची जबाबदारी सुरू होते.

पैशांचं बोलणं आम्ही वहीत केलं. गिलाव्याचं माप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर चौरस फुटांत. वीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे एका अंगाला दोन ब्रास. वाद होतो तो दार-खिडक्यांवरून, कारण एक जण त्यांचं क्षेत्रफळ वजा करतो, दुसरा करत नाही. मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही आणि त्याहून मोठं, पण तीन चौरस मीटरपर्यंतचं, फक्त एका अंगाला वजा करायचं, कारण कडा गुळगुळीत करायला मजुरी लागतेच. हे सुरुवातीलाच लिहून ठेवलं. माल आमचा, मजुरी त्यांची आणि पैसे टप्प्याने: गिलावा उतरला की काही, सांधे झाले की काही, चुना लागला की उरलेले. उचल मागितली तर द्यायची, पण त्याच वहीत, तारखेसह. शिमग्याला पालखी गावात आली की गावची माणसं कामाला येत नाहीत आणि एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक गवंडी, सुतार शाकारणीत अडकलेला असतो. म्हणून शिमग्याआधी संपेल एवढंच काम हातात घेतलं.

छपराला फार वेळ लागला नाही. वाळवी लागलेले वासे बदलले, रिपा ठोकल्या, फुटकी कौलं काढली. पत्रा टाकायचा आग्रह झाला, तो मानला नाही. विजेचे बोर्ड मात्र सगळे रेघेच्या वर नेले.

कागदांनी भिंतीपेक्षा जास्त दमवलं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी, असं अजून कितीतरी जण धरून चालतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेतून आता मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, पण तिथे नाव लागायला आधी वारस नोंद हवी. हक्कसोडपत्रावर आमच्या आत्यांच्या सह्या हव्या होत्या. हिंदू कुटुंबात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीही वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सेदार आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. एका आत्यांनी सही करायच्या आधी घर पाहायची इच्छा धरली. त्यांना आणलं. उघड्या भिंतीवर हात ठेवून त्या बराच वेळ आपल्या आईविषयी बोलल्या, मग सही केली. हक्कसोडपत्र घाईने, रेल्वे स्टेशनवर उभ्या उभ्या करून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

डोंगराच्या पायथ्याच्या घरांना दुसरा, दरडीचा प्रश्न विचारला जातो आणि तो जास्त जड आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, आणि वाचलेल्या माणसांतल्या कितीतरी जणांनी पुढची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. तिथे घर घेणाऱ्याने पावसाळ्यात एकदा उतारावर चढून जावं. जमिनीला भेगा, कललेली झाडं, नव्याने फुटलेले झरे, एकाएकी गढूळ झालेलं झऱ्याचं पाणी बघावं. तसं काही दिसलं तर कुठल्याही कंत्राटदाराकडे त्याचा उपाय नाही आणि ते घर रंगवून विकणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

आमच्या घराला शेवटी महाडातलंच एक कुटुंब मिळालं. घराच्या कर्त्याने वही मागून घेतली, मापं स्वतः टेपने ताडून पाहिली. पुरानंतरच्या पंचनाम्याची प्रतही आम्ही त्यांना दिली. त्यांना पोटमाळा पक्का हवा होता, पाणी चढलं तर धान्य, कागद आणि म्हातारी माणसं वर नेता येतील असा. त्याचा खर्च किमतीतून वजा करा म्हणाले. मिस्त्रींनी लाकडाचा आणि मजुरीचा हिशेब दोघांसमोर त्याच वहीत मांडला, तो दोन्ही बाजूंना पटला आणि त्या आकड्यावर इसार ठरला.